एपिक थिएटर वर्गात कसं घ्यायचं: सहा ओळींच्या प्रवेशातून, पायरीपायरीनं

युवा महोत्सव जवळ आला की सोलापुरातल्या एखाद्या तरी कॉलेजची मुलं म्हणतात, "सर, यंदा ब्रेख्त करू." म्हणजे जर्मन नाटककार ब्रेख्तचं एपिक थिएटर: प्रेक्षकानं गोष्टीत वाहून न जाता विचार करावा, म्हणून त्याला थोड्या दुराव्यानं पाहायला लावणारं नाटक. मग काळे टी-शर्ट येतात, पुठ्ठ्याच्या पाट्या येतात, कोपऱ्यात एक सूत्रधार उभा राहतो आणि सगळे जण रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखे सपाट आवाजात बोलायला लागतात. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. त्याच्या डोक्यात एकही प्रश्न शिरलेला नसतो.

शिरणार तरी कसा? १९२० च्या दशकातल्या बर्लिनमध्ये अंधारात गुपचूप बसून स्टेजवरच्या घरात डोकावण्याची प्रेक्षकाला सवय झाली होती. तिथं नटानं वळून थेट त्याच्याशी बोलणं म्हणजे धक्काच होता. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या राजाला टोमणा मारून सरळ पब्लिककडे वळतो, भारुडातली बाई मधेच थांबून अर्थ सांगते, गोंधळी कथेत शिरतो आणि बाहेरही येतो. शाहीर राम जोशी याच गावचे. सोलापूरच्या प्रेक्षकाला सूत्रधार दिसला की दुरावा वाटत नाही, उलट तो मांडी ठोकून निवांत बसतो.

म्हणून वर्गात सुरुवात पाट्या आणि सूत्रधारापासून करू नका. बर्टोल्ट ब्रेख्तला (१८९८–१९५६) जो दुरावा हवा होता, तो असल्या सामानानं येत नाही. पात्र एक गोष्ट करतं आणि तिच्या जागी करता आली असती ती दुसरी करत नाही, तो क्षण नटानं अडवून धरला की येतो. खालच्या सगळ्या पायऱ्या हा क्षण शोधण्यासाठी आहेत. पाट्या, गाणी, दिवे यांचं काम शेवटी.

बारा ते वीस मुलं, एक रिकामी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, खडू आणि एक हलगी एवढं पुरे. हलगी नसेल तर तेलाचा रिकामा डबा चालतो. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास मिळाला तर महिना-दीड महिन्यात पंधरा मिनिटांचा प्रयोग उभा राहतो.

पहिल्याच तासाला एक गैरसमज काढा

"ब्रेख्तमध्ये इमोशन चालत नाही ना?" हे कुणीतरी विचारणारच. नाही विचारलं तर तुम्हीच काढा. ब्रेख्तच्या 'मदर करेज' या नाटकातली अ‍ॅना फिअरलिंग, म्हणजेच करेज, युद्धाच्या मागे मागे गाडा ओढत सैनिकांना माल विकते. तिचा मुलगा पकडला जातो, लाच दिली तर सुटणार असतो. ती लाचेच्या रकमेवर घासाघीस करत बसते आणि तेवढ्यात गोळ्यांचा आवाज येतो. १९४९ च्या बर्लिनच्या प्रयोगात करेज करणाऱ्या हेलेन वायगेलनं त्या क्षणी तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून किंकाळी फोडली, पण आवाज काढला नाही. त्या बिनआवाजाच्या किंकाळीचे फोटो आजही पाहायला मिळतात, वर्गात दाखवा. ते पाहून काळीज हलतं. पण त्याच वेळी आपल्याला आठवत असतं की ही बाई आत्ता आत्तापर्यंत पैसे कमी करून मागत होती. भावना आहेच, फक्त तिच्या शेजारी हिशेबही उभा आहे. सपाट बोलणाऱ्या मुलांना हा फोटो दाखवला की निम्मं काम होतं.

पायरी १: चौकातला साक्षीदार

रस्त्यावरचा अपघात पाहिलेला माणूस जमलेल्या लोकांना काय झालं ते करून दाखवतो, हा एपिक थिएटरचा मूळ नमुना, असं ब्रेख्तनं १९३८ च्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधात मांडलं. हा व्यायाम मराठी मुलांना शिकवावाच लागत नाही, इतका तो आपल्या अंगवळणी आहे. सात रस्त्याला रिक्षा आणि दुचाकी धडकली असं धरा. जमिनीवर खडूनं चौक काढा. एक जण साक्षीदार, बाकीचे बघे.

साक्षीदाराला नियम एकच: निवाडा करायला लागेल तेवढंच दाखवायचं. रिक्षावाल्यानं हात बाहेर काढला होता का? दुचाकीवाला मोबाइलवर होता का? रिक्षावाल्याची मिशी कशी होती याचा अपघाताशी संबंध नसेल तर मिशी नको.

बहुतेक मुलं पहिल्या फटक्यात जमिनीवर लोळण घेतात आणि विव्हळतात. तिथं थांबवा आणि विचारा, "तू पडलास का? की तू पाहिलंस?" बघ्यांना मधेमधे तोडायला सांगा: "थांब, चाक कुठं होतं तेव्हा? परत दाखव." साक्षीदार थांबतो, दोन पावलं मागे येतो, तेवढाच तुकडा पुन्हा दाखवतो आणि पुढे जातो. पात्रातून बाहेर येणं आणि पुन्हा शिरणं ही नटाची सगळ्यात अवघड कसरत इथं फुकटात होऊन जाते.

दुसऱ्या फेरीत दोन साक्षीदार घ्या. एक रिक्षावाल्याच्या गल्लीतला, दुसरा दुचाकीवाल्याचा मावसभाऊ. दोघांनी एकच अपघात पाहिलाय, खोटं कुणीच बोलायचं नाही. तरी दाखवताना कुठली हालचाल मोठी झाली आणि कुठली गिळली, हे बघ्यांनी टिपायचं. दाखवणाऱ्याची एक बाजू असते, हे व्याख्यानानं कळत नाही, या फेरीत दहा मिनिटांत कळतं.

गृहपाठ द्यायचा तर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाठवा. एका दुकानदाराची गिऱ्हाईक बदलल्यावर बदलणारी उभं राहण्याची पद्धत पाहून यायची आणि वर्गात साक्षीदारासारखी दाखवायची. बाकीच्या महिन्यांत मंगळवार बाजार आहेच.

पायरी २: प्रवेश छोटा घ्या

अख्खं नाटक हातात घेऊ नका. सहा ओळी पुरतात. विषय निवडताना सोलापुरात मुलं हमखास चार हुतात्म्यांचा प्रसंग सुचवतात: मे १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना दिलेली फाशी. विषय मोठा आहे, पण पहिल्या सरावाला तो नको असं माझं ठाम मत आहे. प्रेक्षकाचा निकाल आधीच लागलेला असतो, मुलं छाती काढून उभी राहतात, लाल दिवा लागतो आणि विचार करायला काही उरत नाही. पुढे कधी केलंच तर हुतात्म्यांपासून सुरू करू नका. त्या दिवसांत दुकान उघडावं की बंद ठेवावं या पेचात पडलेल्या एखाद्या कल्पित दुकानदारापासून करा.

पहिल्यांदा रोजचं काहीतरी घ्या. मी विडी कारखान्याचं दार घेतो. पान-तंबाखू कारखान्यातून न्यायचं, घरी विड्या वळायच्या, आणून द्यायच्या, हजारावर मजुरी, आणि तपासणीत नापास झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत, एवढा व्यवहार सोलापुरातल्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. प्रवेश असा:

चेकर: अक्का, ही दोन बंडलं चालायची नाहीत.
बाई: काय झालं त्याला?
चेकर: सैल वळलीत.
बाई: साहेब, पान तुम्हीच दिलंय. निम्मं फाटकं निघालं.
चेकर: मग उद्यापासून पान नेऊ नका.
(बाई गप्प. चेकर बंडलं बाजूला टाकतो.)
चेकर: हं, पुढची.

एक काळजी घ्या. वर्गात कुणाची तरी आई किंवा आजी विडी वळत असते. त्या मुलीला "तुझ्या घरचं सांग" म्हणून उभं करू नका. तिला हवं असेल तर आधी चेकर करू दे. घरचं सांगायचं की नाही, हे तिचं ती ठरवेल.

पायरी ३: 'तो म्हणाला', 'ती म्हणाली'

नट पात्रात बुडू नये म्हणून ब्रेख्तनं तालमीसाठी तीन युक्त्या सुचवल्या: बोलणं तृतीय पुरुषात न्यायचं, भूतकाळात न्यायचं आणि रंगसूचनाही मोठ्यानं म्हणायच्या. तिन्ही एकदम करा. प्रवेश असा होतो:

"चेकर म्हणाला, 'अक्का, ही दोन बंडलं चालायची नाहीत.' हे म्हणताना तो वहीत बघत होता. बाईनं विचारलं, 'काय झालं त्याला?' तिनं बंडल उचललं नाही. चेकर म्हणाला, 'सैल वळलीत.' त्यानं बंडल दाबून पाहिलं नव्हतं."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. दाबून न पाहताच सैल म्हणाला. मूळ संवादात हे कुठंच नाही. रंगसूचना स्वतः रचायला लागल्यावर एखाद्या मुलाच्या तोंडून असं वाक्य निघतं आणि प्रवेशाची नस सापडते. मुलं मात्र आधी "ती खूप दुःखी झाली", "त्याला राग आला" असंच बोलतील. ते खोडा. डोळ्यांना दिसेल तेवढंच बोलायचं: मान, हात, पाय, कुणाकडे पाहिलं, कुणाकडे नाही.

दोन-तीन वेळा असं झालं की 'म्हणाला, म्हणाली' काढून टाका आणि मूळ संवाद म्हणा. पण निवेदनानं जिथं जागा अडवली होती तिथली क्षणभराची फट तशीच ठेवा. बोलण्याचा वेग आपोआप बदलतो. चेकर आता "सैल वळलीत" म्हणण्याआधी थोडा थांबतो आणि त्या थांबण्यातच तो पकडला जातो.

इथंच काळाचाही एक खेळ घ्या. हाच प्रवेश २०७५ सालातल्या माणसानं सांगायचा: "त्या काळी सोलापुरात बायका घरी बसून विड्या वळायच्या. नापास झालेल्या मालाचे पैसे मिळायचे नाहीत, आणि ते कुणाला नवल वाटायचं नाही." आजची गोष्ट इतिहासजमा करून पाहिली की ती अटळ वाटत नाही. ब्रेख्त याच्यावर फार भर द्यायचा.

पायरी ४: संवाद काढून घ्या

आता तोच प्रवेश मुका. दोन पात्रांमधलं सामाजिक नातं उघड करणारी ठेवण किंवा हालचाल, तिला ब्रेख्त गेस्टस म्हणतो. नुसती लकब म्हणजे गेस्टस नव्हे. माशी हाकलणं गेस्टस नाही, पण साहेबासमोर माशी हाकलायलाही हात न उचलणं आहे.

कसोटी सोपी ठेवा. प्रवेश ज्यानं पाहिलेला नाही असा एखादा मुलगा बाहेरून बोलवा आणि दारातून बघायला सांगा. कोण कुणाच्या मेहेरबानीवर उभं आहे, हे त्याला अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर हातांकडे लक्ष द्या. चेकर बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटतो आणि त्याच ओल्या बोटानं बंडल ढकलतो. बाई बंडलं टेबलावर ठेवते तेव्हा टेबलाच्या कडेलाच ठेवते, मधोमध नाही. मधली जागा वहीची आहे. आमच्या वर्गात एका मुलीनं बंडल ठेवल्यावरही त्याच्यावर दोन बोटं राहू दिली, चेकरनं ओढेपर्यंत. माल अजून तिचा आहे की त्याचा, हा सगळा वाद त्या दोन बोटांत आला. हे मी सुचवलेलं नव्हतं. सुचवलं असतं तर बहुधा नाटकी झालं असतं.

वायगेलची करेज मिळालेलं नाणं दातानं चावून पाहायची. मुलांना सांगा: तुमच्या पात्राचं 'नाणं चावणं' कुठलं ते शोधा. प्रत्येकी एक, जास्त नको.

पायरी ५: 'हे नाही, तर ते'

सगळ्या मार्गदर्शकात एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. ब्रेख्तची नटाकडून अपेक्षा अशी की, तो जे करतो त्यात जे करत नाही तेही दिसावं. आपला प्रवेश पुन्हा चालू करा. "मग उद्यापासून पान नेऊ नका" या वाक्यानंतर शिक्षकानं टाळी वाजवायची. सगळे गोठतात. मग बाई करणारी मुलगी प्रेक्षकांकडे पाहून म्हणते:

"तिनं बंडल त्याच्या हातात देऊन 'दाबून बघा' म्हटलं नाही, तर ती गप्प बसली."

पुन्हा टाळी, पुन्हा तोच क्षण, आता दुसरी शक्यता: "तिनं मागे वळून रांगेतल्या बायकांना विचारलं नाही, तर ती गप्प बसली." तिसरी: "ती पान तिथंच टाकून निघून गेली नाही, तर ती गप्प बसली." दर वेळी मुलीनं न घडलेली गोष्ट आधी करून दाखवायची, मग पुसायची आणि गप्प बसायचं. हात बंडलाकडे जातो आणि परत येतो. तीन वेळा पुसल्यावर चौथ्यांदा प्रवेश सरळ चालवा, काही न बोलता. तिच्या गप्प बसण्यात आता तीन हालचाली दडलेल्या असतात आणि प्रेक्षकाला त्या जाणवतात.

मग चेकरची पाळी. मुलं त्याला खलनायक करून मोकळी होतात, तिथं सोडू नका. "त्यानं बंडल पास केलं नाही, तर बाजूला टाकलं", पास केलं असतं तर संध्याकाळी त्याला कुणी काय विचारलं असतं? त्याच्या वरचा कोण? त्याला पगार मिळतो की कमिशन? वर्ग यावर भांडला तर भांडू द्या. उत्तर सापडत नसेल तर कुणीतरी जाऊन माहिती काढून आणायची. पात्राच्या बालपणाचा इतिहास रचण्यापेक्षा त्याच्या पगाराची चौकशी इथं जास्त कामाची.

आणि रांगेतली मागची बाई विसरू नका. तिला एकही वाक्य नाही. पण "हं, पुढची" म्हटल्यावर ती पुढे येते. तिनंही काहीतरी केलेलं नाही. तिच्यासाठी टाळी वाजवा आणि वर्गात किती शांतता पसरते ते बघा.

पायरी ६: सगळ्यांनी सगळं करायचं

चेकर करणारा बाई करेल, बाई करणारी रांगेत उभी राहील. बदल पटापट, मधेच, वाक्य अर्धवट असताना सुद्धा. शिकण्यासाठीच्या नाटकांमागे ब्रेख्तची कल्पना हीच होती: करणाऱ्यानं करता करता शिकायचं, प्रेक्षक असला काय नि नसला काय. १९३० मध्ये त्याचं 'हो म्हणणारा' हे शाळेसाठीचं छोटं संगीत नाटक आलं. त्यात आजारी पडलेला मुलगा बाकीच्यांच्या प्रवासासाठी जुन्या रिवाजानुसार मरायला तयार होतो. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या शाळेतल्या मुलांनी त्यावर हरकती घेतल्या. ब्रेख्तनं त्या मनावर घेऊन नाटक बदललं आणि 'नाही म्हणणारा' हा जोडभागही लिहिला. तुमच्या वर्गातला कुणी "सर, ही बाई गप्प बसणारच नाही" म्हणाला तर त्याला दुसरा प्रवेश लिहायला बसवा. दोन्ही ठेवा आणि पाठोपाठ करा.

पायरी ७: आता पाट्या, गाणी, भाषा, दिवे

भाषेपासून सुरू करतो, कारण ही सोलापूरची खास सोय आहे. वर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू घरी बोलणारी मुलं असतात. रियाजाला संवाद घरच्या भाषेत म्हणायला लावा, मग मराठीत. तालमीत पद्य साध्या गद्यात आणि नटाच्या बोलीत म्हणून पाहणं ब्रेख्तलाही मान्य होतं. प्रयोगात यातलं एखादंच वाक्य ठेवा. चेकर सगळं मराठीत बोलतो आणि फक्त "अक्का" म्हणताना त्याचा सूर घरचा होतो. ही आपुलकी आहे की व्यवहार, प्रेक्षकाला ठरवू दे. सगळा प्रवेश चार भाषांत करायचा मोह आवरा, तो गंमत होऊन बसतो.

पाटीनं काय होणार ते आधीच सांगून टाकावं: "दोन बंडलं नापास होतात. कुणी काही बोलत नाही." शेवट कळला की प्रेक्षक 'काय होईल' सोडून 'कसं होतं' पाहू लागतो. "अन्याय", "शोषण" असल्या पाट्या नकोत, त्या प्रेक्षकाच्या वतीनं निकाल देऊन मोकळ्या होतात.

गाण्यानं प्रसंग पुढे न्यायचा नाही, अडवायचा. नट उठून समोर येतो, पात्र खुर्चीवर ठेवून आल्यासारखा. चाल शब्दांच्या विरुद्ध ठेवा. ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'मध्ये (१९२८) संगीतकार कुर्ट वाइलची गोड चाल खुनांची यादी गाते. पु. ल. देशपांड्यांनी त्याच नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' केला, १९७८ मध्ये तो रंगभूमीवर आला आणि तमाशाचा ठेका या कामाला किती चपखल बसतो ते दिसलं. आमच्या प्रवेशासाठी वर्गानं हलगीच्या उडत्या ठेक्यावर दोन ओळी बांधल्या:

दोन बंडलं बाजूला पडली, कुणाच्या नावे गेली हो
मोजणारा एकटा होता, बघणाऱ्या दहा होत्या हो

हलगी ऐकून पाय हलायला लागतात आणि दुसऱ्या ओळीला अडखळतात.

दिव्यांबाबत तर गरिबी ही चैन आहे. ट्यूबलाइट चालू ठेवा, प्रेक्षकही उजेडातच बसू देत. वाजवणारा समोर दिसला पाहिजे, कपडे बदलायचे तर सगळ्यांसमोर. पुढे हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात प्रयोग लागला तरी भुलून निळे-लाल दिवे मागू नका.

पायरी ८: प्रयोग आणि नंतरची चर्चा

पंधरा मिनिटांचा क्रम असा ठेवता येईल: पाटी, प्रवेश एकदा सरळ, गाणं, 'नाही-तर'च्या तीन टाळ्या, भूमिका बदलून प्रवेश पुन्हा, मुलांनी लिहिलेला दुसरा प्रवेश. सहा ओळींचा प्रवेश चार वेळा पाहून कंटाळा येईल ही भीती मुलांना वाटते. टाळ्यांच्या जागा नेमक्या असतील तर येत नाही, ढिल्या असतील तर दुसऱ्याच खेपेला येतो.

नंतर प्रेक्षकांना "कसं वाटलं?" विचारू नका. "छान वाटलं" एवढंच मिळतं. विचारा: "दोन बंडलांचे पैसे कुणाकडे गेले?" "मागच्या बाईनं काय करायला हवं होतं? केलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं?" कुणी फारच तावातावानं बोलायला लागलं तर त्याला पुढे बोलवा, बाईच्या जागी उभं करा आणि चेकरला पहिली ओळ म्हणायला सांगा.

प्रत्येक टाळीच्या वेळचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. प्रिंट काढून एका वहीत चिकटवा आणि खाली लिहा: इथं काय केलं, काय केलं नाही, तालमीत काय टाकून दिलं. ब्रेख्त आणि त्याचे सहकारी प्रयोगांची अशी नमुनावही ठेवत. पुढच्या बॅचला ही वही जरूर द्या, पण त्यांचा स्वतःचा प्रवेश पाचव्या पायरीपर्यंत पोचल्यावर. आधी दिली तर ती दोन बोटं बंडलावर तशीच्या तशी येऊन बसतील.